कोंबडी खरी, हिशेब खोटा

कडकनाथ कोंबडी काळी असते यात खोटे काही नाही. पिसे काळी, चोच काळी, पाय काळे, कापली तर मांससुद्धा काळपट. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागात भिल्ल आणि भिलाला आदिवासींनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळली. तिकडे तिला ‘कालीमासी’ म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. साध्या ब्रॉयलरपेक्षा तिचे मांस महाग विकते हेही खरे. क्रिकेटवाल्या महेंद्रसिंग धोनीने रांचीच्या आपल्या फार्मसाठी झाबुआकडे दोन हजार पिल्लांची मागणी नोंदवली, ही बातमी २०२० साली सगळ्या वर्तमानपत्रांत झळकली होती. तीही खरी होती.

एवढे सगळे खरे असताना, त्याच कोंबडीच्या नावावर आपले शेतकरी नागवले गेले.

सांगली जिल्ह्यात, त्या वेळच्या इस्लामपूरला, एका कंपनीने योजना काढली होती. साधारण पाऊण लाख रुपये भरा, दोनशे पक्षी घ्या. खाद्य, औषध आम्ही पुरवू. अंडी आणि वाढलेले पक्षी ठरलेल्या भावाने आम्हीच उचलू. तुम्हाला बाजाराचे तोंड बघायचे काम नाही. सांगलीबरोबर कोल्हापूर, सातारा, पुणे आणि आणखी लांबच्या जिल्ह्यांतूनही लोकांनी पैसे भरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठ महापुरात बुडालेला असताना ही कंपनीही बुडाल्याचा बोभाटा झाला. गुन्हे दाखल झाले. फसवणुकीचा आकडा शेकडो कोटींत सांगितला गेला. पुढच्या महिन्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची यात्रा त्या भागातून गेली, तर चिडलेल्या कार्यकर्त्यांनी ताफ्यावर कडकनाथ कोंबड्याच फेकल्या.

कंपनीचे कार्यालय एका दिवसात बंद होते, पण शेडमधली कोंबडी एका दिवसात बंद होत नाही. तिला सकाळी खायला लागते, संध्याकाळी लागते. अंडी उचलायला गाडी येत नाही, खाद्याची गोणी येत नाही, आणि दोनशे पक्षी तुमच्याकडे बघत ओरडत असतात. ज्यांनी सोसायटीचे कर्ज काढून, बायकोचे दागिने गहाण टाकून शेड उभी केली, त्यांनी ते आवाज दिवसभर ऐकले. शेवटी मिळेल त्या भावात पक्षी काढावे लागले. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण हसत हसत वापरतो. इथे ती घराघरात रडत रडत खरी झाली.

आता तालुक्याच्या गावातला शहाणा माणूस लगेच म्हणेल, “लोभ, दुसरं काय? अडाणीपणा!” हे उत्तर सोपे आहे आणि ते देणाऱ्याला बरेही वाटते, कारण त्यात तो स्वतः शहाणा ठरतो. पण पैसे भरणाऱ्यांत पदवी घेतलेली पोरे होती, नोकरदार होते, निवृत्तीचा पैसा हातात आलेले होते. आयुष्यभर दोन रुपयांसाठी भाजीवाल्याशी घासाघीस करणारी माणसे होती ती. त्यांना एकदम अक्कल सोडून गेली, असे म्हणून भागणार नाही.

शिवाय ही पहिली वेळ थोडीच होती? याच्या सात वर्षे आधी इमू झाला होता. तमिळनाडूत इरोड जिल्ह्यात पेरुंदुराईच्या कंपनीने असेच पक्षी दिले, खाद्य दिले, दरमहा पैसे देऊ म्हणून सांगितले. ऑगस्ट २०१२ मध्ये तो डोलारा कोसळला. माणसाएवढे उंच पक्षी उपाशी राहिले, म्हणून सरकारला त्यांच्या खाद्याची सोय करावी लागली. आपल्याकडेही इमूच्या जाळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि पुढे गुंडाळाव्या लागल्या. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, सागवानाची लाट होती. आज थोडे पैसे भरा, वीस वर्षांनी सागाच्या झाडाचे घबाड घ्या. चेन्नईची ‘अनुभव प्लांटेशन्स’ १९९८ मध्ये कोसळली. मग १९९९ साली सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. साग खरा, इमू खरा, कडकनाथ खरी. प्रत्येक वेळी माल खरा आणि हिशेब खोटा. तरी पुढच्या वेळी लोकांनी पुन्हा पैसे भरले. का भरले, हा प्रश्न टिंगलीने सुटणार नाही. नीट बसून बघावा लागेल.

बांडगूळ हिरव्या झाडावरच येते

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला ती अर्धीच पटते. रोजच्या व्यवहारात बहुतेक वेळा दिसते तसेच असते. डेअरीवाला फॅटची चिठ्ठी देतो, आपण खिशात घालतो. शेजारी सांगतो, “पाटाचं पाणी आज रात्री तुझ्याकडं,” आपण बॅटरी घेऊन निघतो. दुकानदार वहीत लिहितो, आपण बघतही नाही. यातल्या प्रत्येकावर संशय घेत बसलो तर एक दिवस शेती होणार नाही. विश्वास हा भोळेपणा नव्हे, तो गावगाड्याचा वंगण-तेल आहे.

फसवणारा याच विश्वासावर जगतो. आंब्यावरचे बांडगूळ तुम्ही पाहिले आहे. वाळक्या खोडावर ते तग धरत नाही. त्याला हिरवे, रसरशीत झाड लागते. ज्या गावात माणसे एकमेकांचा शब्द पाळतात, नातेगोते घट्ट असते, भिशी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते, तिथेच अशा योजना जोरात पसरतात. जिथे कोणाचा कोणावर भरवसा नाही, तिथे एजंटाला चहासुद्धा मिळत नाही.

“पण समोरचा खोटं बोलतोय हे तोंडावरून कळत नाही का?” असे कोणी विचारील. आपल्या सगळ्यांचा समज असतो की, आपण माणूस बघून ओळखतो. २००६ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे दोनशेच्या वर अभ्यास एकत्र करून मांडले. त्यांत एकूण चोवीस हजारांवर लोकांनी समोरचा खरे बोलतो की खोटे, ते ओळखण्याचा प्रयत्न केला होता. बरोबर ओळखल्याचे प्रमाण निघाले शंभरात चौपन्न. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी पन्नास आलेच असते. नजर चुकवतो, घाम पुसतो, चाचरतो, ही सगळी लक्षणे गरीब पाहुण्यालाही लागू पडतात. सराईत ठग मात्र डोळ्याला डोळा भिडवून बोलतो.

आणि इथे तर आणखी एक गोम आहे. तुमच्या दारात येतो तो कंपनीचा मालक नसतोच. येतो तो मेव्हण्याचा दोस्त, भावकीतला कोणी, नाहीतर सख्खा भाचा. त्याने स्वतः पैसे भरलेले असतात. त्याला दोन-तीन हप्ते मिळालेले असतात, त्यातून नवी मोटारसायकल घेतलेली असते, ती तो तुमच्या अंगणात लावतो. “मामा, माझ्याकडं बघा. मी काय तुम्हाला बुडवीन?” तो खोटे बोलत नसतो हो! त्याला जे दिसले तेच तो सांगतो. त्याच्या डोळ्यांत तुम्ही खोटेपणा शोधला तरी सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. मूळ ठग एक किंवा दोन असतात. बाकी शंभर माणसे प्रामाणिकपणे त्याचे खोटे वाहून नेतात, वर दलालीही घेतात.

ते सुरुवातीचे हप्ते म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार. पहिल्या वर्षी अंडी खरोखर उचलली जातात, चेक खरोखर वटतो. बँकेच्या पासबुकात आकडा दिसतो. आता सांगा, पासबुकावर विश्वास ठेवणाऱ्याला अडाणी कसे म्हणायचे? त्याने पुरावा मागितला होता आणि पुरावा मिळालाही होता. फक्त तो पुरावा मागून आलेल्याच्या पैशातून तयार केला होता, हे पासबुकात छापून येत नाही.

दुखणे ओळखून दिलेले औषध

ज्याने कधी टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतले, कांदा विकून वर गाडीभाडे खिशातून भरले, त्याच्या कानावर ‘भाव ठरलेला, उचल ठरलेली’ हे शब्द कसे पडत असतील याचा विचार करा. त्याला फार मोठा नफा नको असतो. त्याला उद्याची खात्री हवी असते. सरकार, बाजार समिती, पाऊस यांपैकी कोणीही ती देत नाही. अशा वेळी कोणी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो म्हटल्यावर माणूस सही करतो.

दुसरे दुखणे घरातले. पोरगा शिकला, नोकरी नाही, दोन एकरांत मन रमत नाही. स्थळे येतात आणि ‘शेतीच ना फक्त?’ म्हणून परत जातात. ‘पोल्ट्री आहे, कंपनीशी करार आहे’ असे सांगता आले की बोलणी पुढे सरकतात. बापाने पैसे भरले ते कोंबडीसाठी नव्हेत, पोराला चारचौघांत ताठ उभे राहता यावे म्हणून. हा लोभ म्हणायचा का, ते तुम्हीच ठरवा.

आणखी एक गोष्ट या भागातल्या जाणकारांनाही चकवून गेली. करारावरची पोल्ट्री ही काही थाप नाही. ब्रॉयलरच्या धंद्यात ती पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे. कंपनी पिल्ले, खाद्य, औषध देते; शेतकरी शेड, वीज, पाणी आणि मेहनत घालतो; पक्षी तयार झाले की वजनावर संगोपनाचा मोबदला मिळतो. त्यातही कुरबुरी आहेत, वजनावरून भांडणे आहेत. पण पक्षी शेवटी हॉटेलात आणि घरोघरी खाल्ला जातो, आणि कंपनीचे पैसे त्या खाणाऱ्याकडून येतात. कडकनाथची योजना बाहेरून अगदी तशीच दिसत होती. फरक एवढाच की, पिल्लांपोटी आधी शेतकऱ्यानेच मोठी रक्कम मोजायची होती. खोटी नोट ही खऱ्या नोटेसारखीच छापावी लागते, त्यातला हा प्रकार.

मग माणूस चार ठिकाणी विचारतो. विचारतोच! पण कोणाला विचारतो? पंचतंत्रातली ब्राह्मण आणि तीन ठगांची गोष्ट आठवा. खांद्यावर बोकड घेऊन निघालेल्या ब्राह्मणाला एक जण म्हणतो, “कुत्रं कशाला खांद्यावर?” तो हसतो. दुसरा तेच म्हणतो, तो बोकडाकडे वळून बघतो. तिसऱ्याने म्हटल्यावर बोकड टाकून पळतो. आपण त्या ब्राह्मणाला हसत आलो. १९७७ साली अमेरिकेत तीन संशोधकांनी हेच विद्यार्थ्यांवर करून पाहिले. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा काही विधाने समोर ठेवली आणि प्रत्येक विधान किती खरे वाटते ते विचारले. जी विधाने पुन्हा पुन्हा आली ती जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खरी असोत की खोटी. एकच गोष्ट पारावर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि मोबाइलवर ऐकली की ती चार जणांनी तपासली आहे असे वाटते. प्रत्यक्षात चौघांनीही एकाच एजंटाकडून ऐकलेली असते.

पाटी-पेन्सिल घेतली असती तर

आता थोडा हिशेब. हा कोणत्याही कंपनीचा खरा हिशेब नाही, आपला ढोबळ अंदाज आहे. कडकनाथ कोंबडी वर्षाला साधारण शंभराच्या आसपास अंडी देते. व्यापारी लेअर कोंबडी तीनशेच्या घरात जाते, म्हणजे ही कमीच. दोनशे पक्ष्यांत शंभर माद्या धरा. एका शेतकऱ्याची वर्षाची अंडी झाली दहा हजार. असे हजार शेतकरी म्हणजे एक कोटी अंडी. नेहमीच्या अंड्याच्या कितीतरी पट भाव देऊन ही कोटी अंडी रोज नाष्ट्याला खाणारी माणसे कुठल्या गावात राहतात? तुम्ही कोणाच्या घरी पाहिलीत का?

खाणारा नव्हताच. अंडी जायची ती उबवणी यंत्रात, त्यातून पिल्ले, आणि पिल्लांचे गिऱ्हाईक म्हणजे पुढचा शेतकरी. इमूचेही तसेच होते. आता हे पुढे चालवा. दहा हजार अंड्यांतून मरतूक वगैरे जाऊन सहा हजार पिल्ले धरली, तर एका शेतकऱ्याची अंडी खपवायला दुसऱ्या वर्षी दोनशे पिल्लांचे तीस नवे शेतकरी हवेत. त्या तिसांना नऊशे. नऊशेंना सत्तावीस हजार. त्यांना आठ लाख दहा हजार. पाचव्या फेरीला लागतात दोन कोटी त्रेचाळीस लाख शेतकरी. २०१५-१६ च्या कृषी गणनेत अख्ख्या महाराष्ट्रात वहिती खाती भरली दीड कोटीच्या आसपास. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी कडकनाथ पोचली तरी पाचवी फेरी पुरी होत नाही! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच. चौथी पास झालेले पोर पाटीवर मांडू शकेल असा हा गुणाकार आहे. पण एजंटाच्या रंगीत पत्रकात एका शेतकऱ्याचा नफा छापलेला असतो. सगळ्यांचा मिळून हिशेब कधीच छापत नाहीत.

हे गणित आपल्या मातीत उगवलेले नाही. १९२० साली अमेरिकेत बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफा देतो म्हणून पैसे गोळा केले. त्याचीही कोंबडी खरी होती. एका देशात घ्यायची आणि दुसऱ्या देशात वटवायची टपाल कूपने तेव्हा खरोखर मिळत, आणि दोन्हीकडच्या किमतीत फरकही असे. कोणीतरी हिशेब मांडला तेव्हा कळले की, त्याने घेतलेल्या पैशांना पुरायला सोळा कोटी कूपने लागतील, आणि साऱ्या जगात फिरत होती सत्तावीस हजार. हा हिशेब छापून आल्यावरही लोक त्याच्या दारात रांग लावून त्याचा जयजयकार करत होते. बोस्टन काही खेडे नव्हते.

ज्यात कोणाचाच फायदा नव्हता

खोट्याच्या मागे नेहमी पैसाच असतो असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे, सोलापूरकडचे. मुले पळवणारी टोळी आली आहे असा निरोप मोबाइलवरून फिरत होता. बाजाराचा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले. ज्याने तो निरोप पुढे पाठवला त्याला दमडी मिळाली नाही. त्याला वाटले, आपण चार घरांची लेकरे वाचवतो आहोत.

त्या वर्षी देशभर अशा चित्रफिती फिरत होत्या. त्यांतली एक तर मूळची कराचीतली होती. मुलांची काळजी घ्या असे आईबापांना सांगण्यासाठी एका संस्थेने ती बनवली होती. मोटारसायकलवरून येऊन मूल उचलतात आणि शेवटी ते परत आणून सोडतात, पाटी दाखवतात, अशी ती जाहिरात. कोणीतरी शेवट कापला आणि उरलेले सोडून दिले. पुन्हा तेच बघा, चित्र खरे, कापलेले टोक मात्र कोणाला दिसत नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला लगाम घालता आला. पण ‘आपल्या माणसाने पाठवलंय’ म्हणून वाटणारी खात्री यंत्रात नसते.

कडकनाथ आणि राईनपाडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी जाणतो. एकीकडे पैसे गेले, दुसरीकडे पाच जीव. तरी दोन्हीकडे खोटे आले ते ओळखीच्या दारानेच.

तोंड न उघडणारे

मघाचा प्रश्न राहिलाच. इमूत हात पोळलेले शेजारी असताना कडकनाथमध्ये लोक का गेले? कारण इमूत पोळलेला माणूस पारावर येऊन बोललाच नाही. चोरी झाली तर आपण आरडाओरडा करतो, लोक धावून येतात. फसवणूक झाली की माणूस दार लावून घेतो. चोरीत दोष चोराचा. फसवणुकीत मात्र गाव विचारते, “तुला एवढंही कळलं नाही का रं?” घरात बायको, पोरे, सुना. ज्या भाच्याने पैसे भरायला लावले त्याच्याशी सोयरीक. पोलिसात जायचे तर पहिले नाव त्याचेच लिहावे लागणार. मग माणूस गप्प बसतो, जमीन तुकड्याने विकतो आणि बाहेर सांगतो की दवाखान्याला पैसे लागले. एजंटाला याहून मोठा मदतनीस कोण? फसलेल्याची टिंगल करणारा गावातला प्रत्येक माणूस पुढच्या एजंटाचा रस्ता झाडून ठेवत असतो.

आणि सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी हो, आता थोडे तुमच्याशी. असल्या योजनेचा मेळावा गावात होतो तेव्हा सभागृह ग्रामपंचायतीचे असते. व्यासपीठावर हार-नारळ तुमच्या हाती असतो. तुम्ही दोन शब्द बोलता, “तरुणांनी उद्योगाकडे वळावे” वगैरे. त्यात वावगे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी तो फोटो पत्रकावर छापून शेजारच्या दहा गावांत फिरतो. तिथला शेतकरी तुमचे भाषण ऐकत नाही, तुमचा फोटो बघतो आणि तुम्हीच जामीन आहात असे धरून चालतो. हार घेण्याआधी एवढे विचारायला काही पैसे पडत नाहीत की, बाबा रे, तुझा माल शेवटी खातो कोण, आणि लोकांकडून ठेव घ्यायची परवानगी तुला कोणी दिली? तो कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे करील. ते प्रमाणपत्र म्हणजे कंपनी जन्मल्याचा दाखला. लोकांच्या ठेवी घ्यायची परवानगी त्यात नसते. ठेवीसाठी रिझर्व्ह बँक, सेबी अशा नियामकाकडची नोंद लागते. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली ‘सचेत’ नावाचे संकेतस्थळ त्यासाठीच काढले. तिथे माहिती बघता येते आणि तक्रारही करता येते.

कायदे नाहीत असे नाही. साखळी योजनांवर १९७८ पासून बंदी आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. त्यात कंपनीची आणि चालकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ साली आला, म्हणजे कडकनाथ बुडाली त्याच वर्षी. पण कायदा हा पंचनाम्यासारखा असतो, आग लागून गेल्यावर येतो. तो आल्यावरही ज्याच्याकडे कागद त्यालाच काही मिळण्याची आशा असते.

म्हणून ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, कारण दुसरी फसवणूक पहिलीच्या पाठीला लागून येते. पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावाखाली देशभरातल्या कोट्यवधी लोकांकडून पैसे घेतले होते. २०१४ साली सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले, आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परतफेडीची समिती नेमली गेली. त्या समितीने गुंतवणूकदारांना बजावून सांगितले होते की, समितीने मागितल्याशिवाय मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही हाती देऊ नका. ‘फॉर्म भरून देतो, पैसे काढून देतो, फक्त मूळ पावती आणि थोडा खर्च द्या’ असे म्हणत फिरणारी माणसे अजूनही गावोगाव भेटतात. त्यांना पावतीची झेरॉक्ससुद्धा देऊ नका. मूळ पावत्या, बाँड, पासबुक, चेकच्या नकला आणि कराराचा कागद एका पिशवीत घालून सातबाऱ्याबरोबर पेटीत ठेवा. पिशवी कुठे आहे ते घरात बायकोला आणि पोराला सांगून ठेवा, आणि पैसे किती गेले तो आकडाही.